स्पुटनिक-२ आधी गेला, मग पट्टे व्हॅन ॲलन यांच्या नावावर कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांना, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान भारित कणांच्या पट्ट्यांना, अमेरिकेचे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स व्हॅन ॲलन यांचं नाव आहे. त्यांचा गायगर गणक (असे कण मोजणारी नळी) एक्सप्लोरर-१ वर होता आणि तो उपग्रह ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री उडाला. पण त्याच्या जवळजवळ तीन महिने आधी, ३ नोव्हेंबर १९५७ रोजी गेलेल्या सोव्हिएत स्पुटनिक-२ मध्येही गायगर गणक होते. मग हा शोध रशियनांच्या हातून निसटला कसा? की व्हॅन ॲलन यांचं नाव पुढे करणं हा शीतयुद्धातल्या प्रचाराचा भाग होता?

उपग्रहांवरच्या कणमापकांच्या चाचण्या घेणं आणि वरून येणारे आकडे तपासणं यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. माझं मत आधीच सांगतो. तो प्रचार नव्हता, श्रेय योग्य माणसाकडे गेलं. पण सेर्गेई व्हेर्नोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या वाट्याला जेवढं यायला हवं होतं तेवढं आलं नाही. आणि शोध कोणाला लागणार हे रॉकेटच्या ताकदीवर ठरलं नाही. आकडे कुठे साठवले, कोणत्या जागेवरून उतरवून घेतले आणि कोणाला दाखवले, यावर ते ठरलं.

पार्श्वभूमी म्हणून एवढं लक्षात घ्या की पहिले उपग्रह कागदोपत्री तरी शर्यतीसाठी नव्हते. १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा काळ आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून पाळायचं ठरलं होतं. १९५४ साली रोमच्या बैठकीत, या काळात कृत्रिम उपग्रह सोडण्याचा प्रयत्न व्हावा, असा ठराव झाला. १९५५ च्या जुलैअखेरीस अमेरिकेनं उपग्रह सोडणार असल्याचं जाहीर केलं आणि काही दिवसांतच सोव्हिएत संघानंही. या सगळ्या वर्षाची कल्पना मुळात १९५० च्या एप्रिलमध्ये मेरीलँडमधल्या एका घरी जेवणानंतरच्या गप्पांत निघाली होती, आणि ते घर व्हॅन ॲलन यांचं होतं. म्हणजे हा माणूस १९५८ साली अचानक चित्रात आलेला नाही. १९५२ पासून ते जहाजावरून फुगे सोडून, फुग्याखाली टांगलेली छोटी रॉकेटं उंचावर पेटवून विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, मोजत होते, आणि ध्रुवीय प्रकाशाच्या प्रदेशात १९५३ मध्येच त्यांना गणकात अनपेक्षित वाढ दिसली होती.

रशियनांचा मूळ बेत मोठा होता. एक टनाहून जड, उपकरणांनी भरलेली प्रयोगशाळाच वर पाठवायची, असं ठरलं होतं. तिला अंतर्गत नाव होतं ‘ऑब्जेक्ट डी’. ती वेळेत होईना, म्हणून सोव्हिएत रॉकेट-रचनाकार सेर्गेई कोरोल्योव्ह आणि मिखाईल तिखोनराव्होव्ह यांनी एक साधा गोळा आधी पाठवायचा निर्णय घेतला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोचा. तो ४ ऑक्टोबर १९५७ रोजी गेला आणि स्पुटनिक-१ म्हणून जगाला माहीत झाला. त्याच्यात विश्वकिरण मोजायचं उपकरण नव्हतं. आत नायट्रोजन भरलेला होता, आणि तापमान किंवा दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर ‘बीप’ची लांबी बदलायची, इतकीच सोय.

तरीही त्या बीपमधून लोकांनी किती विज्ञान काढलं ते पाहण्यासारखं आहे. गोळा हळूहळू खाली येत होता, त्याच्या फेरीचा वेळ कमी होत होता. त्यावरून वरच्या हवेची घनता मोजता आली आणि ती आधीच्या अंदाजांपेक्षा बरीच जास्त निघाली. मेरीलँडच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या दोघांनी २० मेगाहर्ट्झच्या संकेतातला डॉप्लर बदल (उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना वारंवारतेत पडणारा फरक) नोंदवून, एकाच ठिकाणी बसून उपग्रहाची कक्षा काढून दाखवली. काही महिन्यांनी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी प्रश्न उलटा विचारला: कक्षा माहीत असेल तर ऐकणाऱ्याची जागा काढता येईल का? ट्रान्झिट हे पहिलं उपग्रह दिशादर्शन त्यातून आलं. पुढे १७ मार्च १९५८ रोजी गेलेला, दीड किलोचाही नसलेला व्हॅनगार्ड-१ तर आजही कक्षेत आहे. त्याच्या कक्षेच्या बारीक हेलकाव्यांवरून जॉन ओ’कीफ आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवलं की पृथ्वीची उत्तर आणि दक्षिण बाजू सारखी नाही, आकार किंचित पेरूसारखा आहे. (व्हॅनगार्ड म्हटलं की बहुतेकांना ६ डिसेंबर १९५७ चा, जेमतेम मीटरभर उठून पेटलेला रॉकेटच आठवतो. मला याचं नेहमी वाईट वाटतं.) उपग्रहांची छायाचित्रं घेणाऱ्या बेकर-नन कॅमेऱ्यांची साखळी त्या वेळी जगभर उभी राहिली. त्यातला एक कॅमेरा आपल्याकडे नैनितालला होता.

आता स्पुटनिक-२. ऑक्टोबर क्रांतीचा चाळिसावा वर्धापनदिन जवळ होता, त्याआधी दुसरा उपग्रह जायलाच हवा होता. काही आठवड्यांत ५०८ किलोचा उपग्रह उभा केला गेला. जगाच्या लक्षात राहिली ती त्यातली लायका कुत्री. ती उष्णतेनं काही तासांतच गेली, हे रशियन शास्त्रज्ञांनी उघडपणे सांगितलं ते २००२ मध्ये. तिच्यासोबत मॉस्को विद्यापीठातल्या व्हेर्नोव्ह यांच्या गटाचे दोन गायगर गणक होते. माणसं तयारीची होती, विश्वकिरणांच्या अभ्यासात मुरलेली होती. गणकही ठीक चालले.

अडलं ते कक्षेच्या भूमितीपाशी. स्पुटनिक-२ पृथ्वीपासून कमीत कमी सुमारे २१० किलोमीटर आणि जास्तीत जास्त सुमारे १६६० किलोमीटर अंतरावर फिरत होता. प्रारण पट्टे दोन आहेत, आतला आणि बाह्य. त्यातला आतला भेटतो तो वरच्या उंचीवर आणि विषुववृत्ताच्या आसपास. पण उपग्रहावर आकडे साठवून ठेवायची सोय नव्हती. तो सोव्हिएत भूमीवरून जाईल तेवढ्या वेळात जे येईल ते घ्यायचं. आणि सोव्हिएत भूमीवरून जाताना तो खालच्या उंचीवर असायचा, तर दूरचा टप्पा दक्षिण गोलार्धावर यायचा. म्हणजे गणक पट्ट्यातून जात होता, मोजत होता, पण ते आकडे जिथे पडत होते तिथे व्हेर्नोव्ह यांचं कोणी नव्हतं.

ऑस्ट्रेलियात मात्र लोक ऐकत होते. त्यांच्याकडे स्पुटनिक-२ च्या संकेतांच्या नोंदी होत्या. पण त्या संकेतांत कोणता ठोका म्हणजे कोणता आकडा, ही किल्ली मॉस्कोनं दिली नाही. किल्लीशिवाय नोंदी द्यायला ऑस्ट्रेलियन तयार झाले नाहीत. दोन्हीकडे अर्धा अर्धा शोध पडून राहिला. उपग्रहाची टेलिमेट्री, म्हणजे रेडिओवरून येणारे आकडे, आठवडाभरात थांबली. त्या आठवड्यात, ७ नोव्हेंबरला, व्हेर्नोव्ह यांना उत्तरेकडच्या अक्षांशांवर गणकात स्पष्ट वाढ दिसलेली होती. चुंबकीय बलरेषा तिथे खाली उतरतात आणि पट्ट्याची कड तिथे कमी उंचीवरही लागते. तो बाह्य पट्ट्याचा स्पर्श होता हे आज कळतं. पण एका भागातल्या, काही दिवसांच्या नोंदींवरून तेव्हा कोणीही तसं म्हटलं असतं तर ते धाडसच ठरलं असतं. व्हेर्नोव्ह यांना त्यासाठी दोष देणं मला पटत नाही. त्यांच्या हातात फेरीचा तुकडा होता, पूर्ण फेरी नव्हती. आणि तो तुकडाच का होता, याचं उत्तर गुप्ततेत आहे.

अमेरिकेच्या बाजूनं गोष्ट सोपी नव्हती. व्हॅन ॲलन यांचं उपकरण व्हॅनगार्ड रॉकेटसाठी ठरलेलं होतं. पण रॉकेट अभियंते व्हेर्नर फॉन ब्राउन यांच्या लष्करी गटाचं रॉकेट आधी तयार होईल असा अंदाज त्यांना होता, म्हणून त्यांचा विद्यार्थी जॉर्ज लुडविग यानं उपकरणाचा आकार असा ठेवला की ते दोन्हीत बसावं. स्पुटनिक-१ गेला तेव्हा व्हॅन ॲलन दक्षिणेकडे निघालेल्या जहाजावर होते. लष्करी गटाला परवानगी मिळाली तेव्हा लुडविगचं उपकरण तयार होतं. त्यात त्यानं एक इवलासा टेपरेकॉर्डर बसवला होता. पूर्ण फेरीचे आकडे टेपवर, आणि जमिनीवरून आज्ञा मिळाली की पाच-सहा सेकंदांत सगळे खाली. माझ्या मते या साऱ्या कथेतली सर्वांत महत्त्वाची वस्तू ती आहे. दुर्दैवानं एक्सप्लोरर-१ वर तो रेकॉर्डर नेता आला नाही. घाई होती. त्यामुळे पहिल्या उपग्रहाचं रडगाणं रशियनांसारखंच झालं: जमिनीवरच्या केंद्रावरून जाईल तेवढी मिनिटंच आकडे मिळणार. फरक इतकाच की केंद्रं दक्षिण अमेरिकेत होती, नायजेरियातल्या इबादानला होती, सिंगापूरला होती. संकेत उलगडायची रीत सर्वांना ठाऊक होती.

एक्सप्लोरर-१ आणखी एका कारणासाठी आमच्या क्षेत्रात शिकवला जातो. तो पेन्सिलीसारखा लांबट होता आणि लांबीच्या अक्षाभोवती फिरवून सोडला होता. काही तासांतच तो आडवा गरगरायला लागला. बाजूला लटकणाऱ्या लवचिक तारांच्या अँटेना डुलत होत्या, त्यात फिरण्याची ऊर्जा खर्च होत होती, आणि ऊर्जा घटली की कोणतीही वस्तू शेवटी तिचं जडत्व ज्या अक्षाभोवती सर्वाधिक आहे त्या अक्षाभोवती फिरते. तोपर्यंतची गणितं उपग्रह पूर्ण कडक आहे असं धरून केलेली होती. लांबट उपग्रह लांबीभोवती फिरवत ठेवायचा असेल तर त्याला आवरण्याची वेगळी सोय लागते, हा धडा तिथून आला.

आता आकड्यांकडे येऊ. कमी उंचीवर गणक सेकंदाला तीसच्या आसपास मोजत होता. विश्वकिरणांसाठी तो आकडा बरोबर होता. पण दक्षिण अमेरिकेवर, उपग्रह खूप उंच असताना, काही फेऱ्यांत आकडा शून्य यायचा. चक्क शून्य. उंचावर विश्वकिरण नाहीत असं होऊच शकत नाही. मग यंत्र बिघडलं म्हणावं, तर पुढच्या फेरीत, खाली आल्यावर, ते पुन्हा व्यवस्थित चालायचं.

२६ मार्च १९५८ रोजी एक्सप्लोरर-३ गेला (५ मार्चचा एक्सप्लोरर-२ कक्षेत पोचलाच नव्हता) आणि त्यावर लुडविगचा टेपरेकॉर्डर होता. एप्रिलच्या सुरुवातीला व्हॅन ॲलन वॉशिंग्टनला होते. तिथे त्यांनी एका फेरीची नोंद ताब्यात घेतली, वाटेतल्या दुकानातून आलेख-कागद आणि मोजपट्टी घेतली आणि हॉटेलच्या खोलीत रात्रभर बसून एकेक बिंदू मांडला. पहिल्यांदाच कोणाच्या तरी डोळ्यांसमोर एक सलग फेरी होती. गणक खालून सुरू होऊन वाढत जातो, मोजता येईल त्या कमाल आकड्यावर जातो, मग धाडकन शून्यावर येतो, बराच वेळ शून्यच राहतो, मग पुन्हा कमाल, आणि मग उतरत नेहमीच्या आकड्यावर. तुटक मिनिटांत हे कधीच दिसलं नसतं. शून्याच्या दोन्ही कडांना उंच भिंती आहेत, एवढं कळलं की शून्य म्हणजे कणांचा अभाव हा अर्थ उरतच नाही.

इकडे आयोवा सिटीत, व्हॅन ॲलन यांच्या विद्यापीठात, कार्ल मॅकइलवेन या त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्यानं जमिनीवर ठेवलेल्या तशाच गणकावर क्ष-किरणांचा मारा करून पाहिला होता. मारा वाढवत नेला तसा आकडा वाढला, आणि एका मर्यादेनंतर शून्य झाला. कारण सोपं आहे. गायगर नळीत एक कण आला की विजेचा छोटा ठोका पडतो, आणि त्यानंतर सेकंदाचा साधारण दहा-हजारावा भाग ती नळी सावरत असते. सावरायच्या आत पुढचा कण आला तर ठोका लहान पडतो, आणि मोजणारं इलेक्ट्रॉनिक्स ठरावीक उंचीहून लहान ठोका धरत नाही. जत्रेच्या दारात एकेका माणसाला बोट लावून मोजणाऱ्याला लोंढ्यानं असं दाबून धरावं की त्याला हातच उचलता येऊ नये, तसं होतं. गर्दी सर्वांत जास्त असते तेव्हाच त्याच्या वहीत काही पडत नाही. मॅकइलवेनच्या मोजणीनुसार, वर शून्य दिसायला कणांचा ओघ अपेक्षेच्या हजारपटीच्या घरात असायला हवा होता. १ मे १९५८ रोजी वॉशिंग्टनमध्ये व्हॅन ॲलन यांनी हे जाहीर केलं.

म्हणून श्रेयाबद्दल माझं उत्तर असं: पट्ट्यातून पहिलं उपकरण रशियाचं गेलं, पण पट्टा आहे हे समजलं आयोवात. समजण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या: पूर्ण फेरी साठवणारा रेकॉर्डर, जगभर पसरलेली केंद्रं, आणि उपकरण कुठे खोटं बोलतं हे जमिनीवर तपासून ठेवणारा माणूस. पट्ट्यांना नाव गुरूचं लागलं. लुडविग आणि मॅकइलवेन यांची नावं किती जणांना माहीत आहेत? पण व्हॅन ॲलन यांनी आपल्या विद्यार्थ्यांना मागे ठेवलं नाही. जाहीर झालेल्या पहिल्या शोधनिबंधावर त्यांची नावं आहेत.

व्हेर्नोव्ह यांचं पुढचं काम मात्र नीट सांगायलाच हवं. ‘ऑब्जेक्ट डी’ शेवटी १५ मे १९५८ रोजी स्पुटनिक-३ म्हणून गेला. १३२७ किलो. त्यावर टेपरेकॉर्डर होता आणि तो नेमका बंद पडला. पुन्हा तेच, सोव्हिएत भूमीवरून जाताना मिळेल तेवढं. तरी व्हेर्नोव्ह आणि अलेक्सांद्र चुदाकोव्ह यांनी प्रस्फुरण गणकाच्या (कण आदळल्यावर पडणारे प्रकाशाचे ठिपके मोजणाऱ्या यंत्राच्या) नोंदींवरून बाह्य पट्ट्याबद्दल पक्कं काम केलं. आतल्या पट्ट्यात एवढे जोरदार प्रोटॉन येतात कुठून, याचं उत्तरही १९५८ मध्येच दोन्ही बाजूंनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे सुचवलं गेलं: रशियात व्हेर्नोव्ह यांच्या गटाकडून, अमेरिकेत फ्रेड सिंगर यांच्याकडून. विश्वकिरण हवेवर आदळतात, त्यातून न्यूट्रॉन वर उसळतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्यानं चुंबकीय क्षेत्र त्याला अडवत नाही. पण सुटा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांत फुटतो, आणि त्यातून निघालेला प्रोटॉन भारित असल्यानं जागच्या जागी अडकतो. हे स्पष्टीकरण आजही टिकून आहे. पट्टे एक नसून दोन आहेत हे अमेरिकेच्या पायोनियर-३ या यानानं ६ डिसेंबर १९५८ रोजी एक लाख किलोमीटरच्या पलीकडे जाऊन परत पडताना स्पष्ट दाखवलं. आतल्या पट्ट्यातले कण प्रोटॉनच आहेत हे १९५९ मध्ये रॉकेटवरून पाठवलेल्या आणि परत मिळवलेल्या फोटो-इमल्शननं (कणांचा माग उमटणाऱ्या फोटोच्या लेपानं) सिद्ध झालं. त्याच काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फुग्यांवरून इमल्शन पाठवून विश्वकिरणांचा अभ्यास चालू होता. पद्धत आपल्या लोकांच्या हातात होती, नव्हता तो रॉकेट.

शर्यतीची काळी बाजू याच कथेत आहे. पट्टे सापडल्यावर वर्षही झालं नव्हतं, तोच १९५८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेनं दक्षिण अटलांटिकवर उंच तीन अणुस्फोट केले. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन कोंडता येतात का, ते पाहायचं होतं. त्यांचं मोजमाप एक्सप्लोरर-४ वरच्या व्हॅन ॲलन यांच्याच गटाच्या गणकांनी केलं. पुढे ९ जुलै १९६२ रोजी ‘स्टारफिश प्राइम’ हा १.४ मेगाटनचा स्फोट पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर झाला. दुसऱ्याच दिवशी टेलस्टार हा दळणवळण उपग्रह उडाला, नेमका त्या स्फोटातून तयार झालेल्या कृत्रिम पट्ट्यात. नोव्हेंबरात त्याच्या आज्ञा घेणाऱ्या भागातले ट्रान्झिस्टर बसले. अभियंत्यांनी युक्तीनं तो पुन्हा चालू केला, पण फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा गेला. ब्रिटनचा एरिअल-१ आणि अमेरिकेचे आणखी काही उपग्रह त्याच स्फोटानं निकामी झाले. किरणोत्साराखाली इलेक्ट्रॉनिक्सची चाचणी हा स्वतंत्र व्यवसाय त्यानंतर उभा राहिला. माझ्या पिढीची भाकरी त्यावर शिजली, पण ज्या कारणानं तो सुरू झाला त्याचा अभिमान वाटत नाही.

तुम्ही विद्यार्थी असाल आणि कणमापकाच्या नोंदी पाहत असाल, तर एक व्यावहारिक सूचना देतो. अलीकडचे मापक आपला मृतकाळ, म्हणजे यंत्र सावरत असलेला वेळ, वेगळा नोंदवून पाठवतात. आकड्याआधी तो रकाना उघडा. आकडा शून्य किंवा अगदी सपाट दिसला तर त्याच्या आधीचे आणि नंतरचे बिंदू पाहा. दोन्हीकडे चढ असेल तर मधला शून्य खरा नाही. आणि उपकरण वर जाण्यापूर्वी, अपेक्षेच्या शंभरपट-हजारपट माऱ्याखाली ते काय दाखवतं याची नोंद घेतलेली असलीच पाहिजे. वर गेल्यावर ती घेता येत नाही. मॅकइलवेनकडे निदान तसाच दुसरा गणक खाली होता.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिच्या केंद्राशी नीट जुळलेलं नाही, म्हणून आतला पट्टा दक्षिण अटलांटिक आणि ब्राझीलच्या बाजूला खाली झुकतो. कमी उंचीवरच्या उपग्रहांना त्रास होतो तो इथेच. भारताचा ॲस्ट्रोसॅट सप्टेंबर २०१५ मध्ये ६५० किलोमीटरवर, विषुववृत्ताशी अवघ्या ६ अंशांच्या कलानं सोडला, तो याच भागाशी कमीत कमी गाठ पडावी म्हणून. तरी काही फेऱ्यांत त्याची कड लागतेच. म्हणून त्यावर टाटा संस्थेनं बनवलेला एक छोटा कणमापक आहे. कणांचा ओघ वाढला की तो इशारा देतो, आणि त्याच संस्थेच्या क्ष-किरण मापकांचा विजेचा उच्च दाब उतरवला जातो, म्हणजे नळ्या त्या माऱ्यात जळत नाहीत. ॲस्ट्रोसॅटच्या दुसऱ्या एका क्ष-किरण उपकरणाची आकडेवारी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत तपासली जाते, आणि त्यात या भागातून जातानाचे काळ आधी वगळून मगच पुढचं काम सुरू होतं.